पडद्यावरचे आम्ही आणि पडद्यामागची लेखणी

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधील सुभाष टेकडीवर गेल्या रविवारी बुद्धवंदना आटोपल्यानंतर आम्ही पाचसहा मंडळी एका नवदीक्षित कुटुंबाच्या घरी चहासाठी बसलो होतो. यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. गेल्या धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपुरास जाऊन त्यांनी सहकुटुंब दीक्षा घेतली. घराच्या दर्शनी भिंतीवर तथागतांची व परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे. त्या तसबिरीच्या बरोबर खाली टी.व्ही.चा संच आहे, आणि त्या संचावर त्या वेळी एक पौराणिक मालिका चालू होती. वर बावीस प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या आणि खाली देवदैत्यांचे युद्ध! यजमानांच्या मातोश्री मालिका पाहत होत्या, नातू आजीच्या मांडीवर होता, आणि आम्ही मोठी माणसे, ज्यांनी या विसंगतीकडे लक्ष द्यावयाचे, ती चहात बिस्किटे बुडवीत होतो.

वादास तोंड फुटले ते त्या मालिकेवरून नव्हे, तर घरातील थोरल्या मुलीच्या विवाहावरून. वरपक्षही नवदीक्षितच, बदलापूरचा. त्यांचे म्हणणे असे की, सकाळी हॉलवर भटजी बोलावून सप्तपदी उरकावी, म्हणजे गावाकडचे नातलग रुसणार नाहीत, आणि सायंकाळी भन्तेजींना बोलावून बौद्ध विधी करावा. मुलीचा यास विरोध आहे. तिला बळ कोठून आले, तर एका वेबमालिकेतून! ॲमेझॉन प्राइमवर २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात प्रदर्शित झालेल्या ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या पर्वातील पाचवा भाग तिने बहिणीच्या फोनवर पाहिला होता. त्यात राधिका आपटे या नटीने पल्लवी मेंके नावाच्या प्राध्यापिकेची भूमिका केली आहे. ही पल्लवी आपली जात लपवीत नाही आणि आपल्या विवाहात बौद्ध विधी झालाच पाहिजे असा आग्रह धरते. पांढऱ्या साडीतील वधू, तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचे चित्र हे सारे श्रीमंत विवाहसोहळ्यांच्या त्या मालिकेत दिसले, तेव्हा महाराष्ट्रातील कितीतरी बौद्ध घरांत डोळे पाणावले. ॲड. प्रकाश आंबेडकर यांनीही त्या भागाची जाहीर प्रशंसा केली होती.

मुलीचा चुलतभाऊ मोबाईलच्या दुकानात काम करतो, तरतरीत आहे. तो म्हणाला, “पाहा मामा, आता आपण टी.व्ही.वर आलो. पूर्वी आपल्याला कोणी विचारीत नव्हते. आता आपले लग्न, आपले बाबासाहेब, आपली गाणी सगळे पडद्यावर आहे. लढाई जिंकल्यासारखीच आहे.”

या एका वाक्यावर पुढे दोन तास गेले. प्रस्तुत लेखकाचे त्यावर जे मत बनले ते येथे स्पष्टपणे मांडीत आहे. कोणास ते कडू वाटल्यास इलाज नाही.

प्रथम जे मान्य करावयाचे ते मोकळ्या मनाने मान्य करू. त्या तरुणाचे म्हणणे निराधार नाही. २०१९ सालच्या मे महिन्यात स्टार प्रवाह वाहिनीवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका सुरू झाली. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची व शिवानी रांगोळे यांनी माता रमाईंची भूमिका केली. सुमारे दीड वर्ष ती चालली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अँड टी.व्ही.वर ‘एक महानायक’ ही हिंदी मालिका आली. जब्बार पटेल यांच्या इंग्रजी चित्रपटात मामुट्टी या मल्याळी नटाने बाबासाहेब साकारले, त्याबद्दल त्यास राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’त डुक्कर वाहून नेणाऱ्या कुटुंबाच्या मागे महापुरुषांची चित्रे असलेली भिंत उभी केली आणि २०२२ साली ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन यांस बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभे केले. हे सारे घडले आणि ते घडले हे चांगलेच झाले. ज्या घरात दीक्षा घेऊन वर्षही लोटले नाही, त्या घरातील म्हातारीला महाडचा सत्याग्रह म्हणजे काय हे कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते, ते मालिकेने सांगितले. यजमानांच्या मातोश्रींनी हे स्वतः कबूल केले.

परंतु दिसणे म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. येथेच आपले लोक फसतात.

१९१९ सालच्या जानेवारीत साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण बाबासाहेबांनी एक भेद करून दाखविला होता. तो प्रत्येक बौद्ध कुटुंबाने पाठ करून ठेवण्यासारखा आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, राज्यकारभारात मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, व्यक्तींचेही प्रतिनिधित्व असले पाहिजे. आमच्या बाजूने कोणी तरी चांगले बोलतो एवढ्याने भागत नाही. बोलणाऱ्यांच्या बाकावर आम्ही स्वतः बसलो पाहिजे. ही साक्ष दिल्यानंतर सुमारे वर्षभराने, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. आमच्याविषयी सहानुभूतीने लिहिणारी वर्तमानपत्रे तेव्हा अगदीच नव्हती असे नाही. तरीही स्वतःचे पत्र काढावे लागले, आणि त्या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापावयास ‘केसरी’ तयार झाला नाही, हा इतिहास आहे.

हाच गज टी.व्ही.ला लावून पाहा. पडद्यावर बौद्ध वधू दिसली, ठीक. ती काय बोलणार हे कोणी ठरविले? मालिकेतील संवाद कोणाच्या मेजावर लिहिले जातात? कोणते दृश्य ठेवावयाचे आणि कोणते कापावयाचे, हे ठरविणाऱ्या खोलीत आपल्यापैकी किती जण बसतात? करमणुकीच्या वाहिन्यांची अशी मोजदाद माझ्या हाती नाही, परंतु वृत्तसृष्टीची आहे. ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांनी २०१९ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या, नियतकालिके व संकेतस्थळे यांतील प्रमुख संपादकीय अधिकाराची १२१ पदे तपासली होती. त्यांपैकी १०६ पदे सवर्णांकडे होती. अनुसूचित जातीजमातींकडे किती? एकही नाही. रोज रात्री नऊ वाजता चौकटीचौकटींत माणसे बसवून जो गदारोळ चालतो, त्यात ‘दलित प्रश्ना’वर बोलावयास एक चौकट आपल्याला मिळते. परंतु प्रश्न काय विचारावयाचा, मध्येच आवाज कोणाचा बंद करावयाचा आणि जाहिरात केव्हा लावावयाची, हे ठरविणारा आपल्यातला नसतो.

पुणे करारानंतर आपण जे भोगले तेच हे आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी राखीव जागा मिळाल्या, पण त्या जागेवरचा माणूस कोणाच्या मतांनी निवडून यावयाचा, हे सर्वांच्या मतदानावर सोडले गेले. परिणाम काय झाला? जागा आमची, माणूस आमचा आणि जीभ दुसऱ्याची. आज पडद्यावरचे पात्र आमचे, साडी पांढरी आणि लेखणी दुसऱ्याची! मोबाईलच्या दुकानातील आमच्या तरुण मित्रास मी विचारले, “मराठी मालिकांतील किती घरांच्या भिंतीवर, कथानकास काही कारण नसताना, साधी रोजची गोष्ट म्हणून बुद्ध आणि बाबासाहेब दिसले, ते मला सांग. आत्महत्या नाही, बलात्कार नाही, मोर्चा नाही. नुसते एक बौद्ध कुटुंब, जेवावयास बसलेले.” त्याने पुष्कळ विचार केला आणि चहाचा दुसरा कप मागितला. वडाला फेरे मारणाऱ्या, मंगळागौर जागविणाऱ्या नायिका त्यास भराभर आठवल्या, परंतु २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ज्या धर्माचे ६५ लाखांहून अधिक लोक आहेत, त्या धर्माचे एक हसतेखेळते घर त्यास आठवेना. आम्ही पडद्यावर येतो ते एक तर महामानव म्हणून किंवा मढे म्हणून. मधला माणूस कोठे गेला?

यावर त्याने एक जुना आक्षेप काढला, “म्हणजे बौद्धाची भूमिका बौद्धानेच करावी असे तुमचे म्हणणे? मग मामुट्टीने बाबासाहेब करावयास नको होते!” हा आक्षेप वारंवार निघतो म्हणून त्याचे उत्तर देतो. असे म्हणणे कोणाही शहाण्या माणसाचे नाही. नटाचा धर्म अभिनय हा आहे. मामुट्टीने आपले काम निष्ठेने केले आणि सागर देशमुख यांनी घराघरांत आदर मिळविला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे ही भूमिका नागपूरचे दिवंगत कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. ती पाहताना जो भारदस्तपणा जाणवतो तो चळवळीत आयुष्य गेल्याचा आहे, हे खरे, तथापि तो काही नियम करता येणार नाही. आमचे भांडण चेहऱ्याशी नाही, मेजाशी आहे. नट कोणीही असो, लेखनाच्या, संकलनाच्या व पैशाच्या मेजावर आमची माणसे कोठे आहेत, एवढाच प्रश्न आहे.

आता त्या ‘मेड इन हेवन’कडेच पाहा. तो भाग नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केला. ते स्वतःची दलित ओळख न लपविणारे दिग्दर्शक आहेत. म्हणजे एका मेजावर आपला माणूस बसला आणि काय फरक पडतो तो लगेच दिसला. त्या भागातील बौद्ध विवाह खरा वाटतो याचे कारण तेच असावे. परंतु भाग प्रदर्शित होताच लेखिका यशिका दत्त यांनी तक्रार केली की, पल्लवीच्या पात्रात आपल्या आयुष्यातील व लेखनातील गोष्टी घेतल्या गेल्या आणि श्रेय दिले गेले नाही. घायवान यांनी आरंभी त्यांचा उल्लेख कृतज्ञतेने केला होता. पुढे निर्मात्यांनी निवेदन काढून दत्त यांचा दावा नाकारला. खरे-खोटे आम्ही येथे बसून ठरवू शकत नाही. पण एवढे मात्र म्हणतो की, दलित स्त्रीचे आयुष्य हे कोणीही येऊन पाणी भरावे असे सार्वजनिक तळे नव्हे. जिच्या लेखनाने वाट दाखविली तिचे नाव घेण्यास फार खर्च येत नाही. आणि ज्या समाजाने महाडला पाण्यासाठी लाठ्या खाल्ल्या त्या समाजाने आपल्याच लेखिकेला “आता पुरे, चांगले चालले आहे त्यात विघ्न आणू नका” असे सांगावे, हे तर फारच लाजिरवाणे आहे. असे सांगणारे आपल्यात निघाले, म्हणून लिहावे लागते.

यजमानांची पुतणी कायद्याचा अभ्यास करते. ती इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “काका, प्रतिनिधित्व वगैरे सावकाश होईल. जे उघड उघड शिव्या देतात त्यांचे काय?” आणि तिने उदाहरणे मोजली. २०२० साली क्रिकेटपटू युवराज सिंग याने एका थेट गप्पांच्या कार्यक्रमात सहकाऱ्याविषयी बोलताना एका जातीचे नाव थट्टेने वापरले. हरियाणात गुन्हा नोंदला गेला आणि पुढे त्यास अटक होऊन जामीन मिळाला. २०२१ सालच्या मे महिन्यात ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ या मालिकेतील नटी मुनमुन दत्ता हिने आपण कुरूप दिसू इच्छीत नाही हे सांगण्यासाठी एका जातीचे नाव उपमेसारखे वापरले. पुढे क्षमा मागताना भाषेच्या अज्ञानाचे कारण दिले. भाषेच्या अज्ञानाने दगडधोंडे का बरे तोंडात येत नाहीत, नेमकी आमची जातच कशी येते? ज्या घरात तो शब्द कुरूपतेचा पर्याय म्हणून लहानपणापासून ऐकला जातो, त्या घराचे ते ज्ञान आहे. त्यास अज्ञान कशास म्हणावे?

आणि तिसरे उदाहरण तर थेट आपल्यावरचे. मराठी मालिकांतील नटी केतकी चितळे हिने २०२० साली समाजमाध्यमावर, नवबौद्ध लोक ६ डिसेंबरला फुकट मुंबई पाहावयास येतात, अशा आशयाचा मजकूर लिहिला. त्यावरून नवी मुंबईतील रबाळे पोलीस ठाण्यात ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. २०२२ साली त्या गुन्ह्यात तिला अटक होऊन पुढे जामीन मिळाला. अपराधाचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. परंतु ‘फुकट’ या शब्दाचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस आहे. चैत्यभूमीवर येणारा माणूस रात्रभर रांगेत उभा राहतो, शिवाजी पार्कच्या धुळीत झोपतो, घरून बांधून आणलेली भाकरी खातो आणि परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जातो. देशातल्या दुसऱ्या कोणत्या यात्रेत पुस्तकांची एवढी दुकाने लागतात ते दाखवा! नाशिकच्या सिंहस्थासाठी सरकार शेकडो कोटी रुपये खर्च करते, त्या पर्वणीच्या स्नानास कोणी फुकटचे म्हटल्याचे ऐकिवात नाही. आमच्या वाट्याला तात्पुरते नळ आणि मंडप आले की लगेच हिशेब मांडावयाचा!

‘नवबौद्ध’ या शब्दाविषयीही येथे दोन ओळी. सरकारी अर्जांवर तो आहे, कारण सवलतींच्या सोयीसाठी तो वापरात आला. तेवढ्यापुरता तो भरावा. परंतु अनेकांच्या तोंडी तो शब्द ‘कालचेच’ या अर्थाने येतो. दीक्षा घेऊन एक दिवस झालेला आणि सत्तर वर्षे झालेला, दोघेही बौद्धच.

याच वेळी शेजारचे एक सिंधी गृहस्थ येऊन बसले. फर्निचर बाजारात त्यांची पेढी आहे. सारे ऐकून ते हसले आणि म्हणाले, “साईं, आमची तर साठ वर्षे थट्टाच चालली आहे. सिनेमात सिंधी आला की तो कंजूष दुकानदारच असणार, आणि ‘वडी साईं’ म्हणणार.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. फाळणीत सर्वस्व गमावून जी माणसे कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडली, ज्यांच्या वसाहतीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले, त्यांनी बराकीतून गाव उभे केले, शाळा आणि महाविद्यालये काढली. पण बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ती फक्त ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ ही कोटी. थट्टेचे दुःख त्यांसही आहे. तथापि एक फरक मी त्यांस नम्रपणे सांगितला. त्यांच्या थट्टेत पैशावर बोट आहे, आमच्या थट्टेत जन्मावर. दुकानदार म्हणून हसलेल्या माणसाच्या हातचे पाणी कोणी नाकारीत नाही. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ते बरोबर आहे.” शेजार असा असावा.

गुरुजींचे मत सर्वांहून निराळे होते. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, जुन्या काळचे कडवे कार्यकर्ते. ते म्हणाले, “हा डबाच घराबाहेर काढा. पंचवीस प्रश्न एका दिवसात सुटतील.” गुरुजींविषयी आदर बाळगून मी त्यांच्याशी असहमत आहे. बाबासाहेबांनी वर्तमानपत्रे ब्राह्मणांच्या हाती आहेत म्हणून वर्तमानपत्र वाचणे सोडले नाही. त्यांनी ती बारकाईने वाचली, त्यांना उत्तरे दिली आणि मग स्वतःची काढली. १९२७ साली ते आपल्या या बदलापुरात शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून आले होते. दुसऱ्याच्या व्यासपीठावरून आपली गोष्ट कशी सांगावी हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. शिवाय टी.व्ही. बाहेर काढला तरी मुलाच्या हातातील फोन कोण काढणार? गुरुजींच्या नातवाच्या हाती तो आहे, हे मी तेथे बोललो नाही.

परंतु गुरुजींच्या रागाचे मूळ मात्र खरे आहे आणि नवदीक्षित कुटुंबांनी ते मनावर घेतले पाहिजे. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा लोक संचाला हार घालीत आणि समोर उदबत्ती लावीत. २०२० सालच्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखविली गेली. पुराणकथांची मालिका म्हणजे नुसती करमणूक नसते, तो घरबसल्या चाललेला संस्कार असतो. दशावताराच्या यादीत बुद्धाला नववा अवतार म्हणून बसविलेले आपण पाहतो. आपल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा नेमकी या खोट्या प्रचाराविरुद्ध आहे. आजीच्या मांडीवरचा नातू प्रतिज्ञा वाचू शकत नाही, अवतार मात्र पाहू शकतो. म्हणून घरातील मोठ्या माणसाने मुलाशेजारी बसले पाहिजे. “हे कोणी लिहिले असेल? यात आपल्यासारखा माणूस कोठे आहे? तो दार उघडावयास आहे की घराचा मालक आहे?” हे तीन प्रश्न मुलाला विचारावेत. सहा वर्षांच्या मुलासही ते कळतात. मी विचारून पाहिले. नातवाने राक्षसाकडे बोट दाखविले आणि म्हणाला, “हा आपल्यासारखा काळा आहे.” खोलीत कोणीच काही बोलले नाही. आजींनी स्वतः उठून संच बंद केला.

प्रेक्षकाच्या हाती काहीच नसते हेही खरे नाही. २०२० साली बाबासाहेबांवरील हिंदी मालिका कानडीत ‘महानायक’ या नावाने झी कन्नड वाहिनीवर सुरू झाली. वाहिनीच्या प्रमुखास ती बंद करण्याच्या धमक्या आल्या. तेव्हा कर्नाटकातील खेड्यापाड्यांतील आपल्या लोकांनी वर्गणी काढून गावोगाव त्या मालिकेचे फलक उभारले. आम्ही पाहतो आहोत आणि आम्ही पुष्कळ आहोत, हे त्यांनी वाहिनीला दाखविले. मालिका थांबली नाही. वाहिनीला भाषा एकच कळते, ती प्रेक्षकसंख्येची. ती आपल्यालाही बोलता येते.

कायद्याची वाट कशी आहे तेही येथे नोंदवितो, कारण आपले लोक एक तर दगड उचलतात किंवा मुकाट बसतात, आणि या दोहोंच्या मध्ये एक कागद असतो हे विसरतात. अनुसूचित जाती-जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ चा आहे. लोकांच्या देखत जातिवाचक अपमान करणे हा त्याखाली गुन्हा आहे. २०१५ साली केलेली आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेली दुरुस्ती त्यात आणखी भर घालते. अनुसूचित जातींना परमादरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने वा अन्य प्रकारे अनादर करणे हाही आता गुन्हा आहे. बौद्ध झाल्याने हे संरक्षण जात नाही. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. मात्र मूळ जात त्या यादीत असली पाहिजे. इतर मागासवर्गातून वा भटक्या विमुक्तांतून धम्मात आलेल्या बांधवांना हे कलम वापरता येत नाही, म्हणून त्यांनी पुढील मार्ग नीट लक्षात ठेवावा. केबल टेलिव्हिजन कायद्याखालील कार्यक्रम-संहितेनुसार धर्मावर वा समाजावर हल्ला करणारा कार्यक्रम दाखविता येत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे कोणीही प्रेक्षक वाहिनीकडे लेखी तक्रार करू शकतो. वाहिनीने ती चोवीस तासांत पोचल्याचे कळवावे आणि पंधरा दिवसांत निकालात काढावी असे बंधन आहे. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे आणि शेवटी केंद्र सरकारकडे जाता येते. वेबमालिकांनाही त्याच वर्षीच्या नियमांनी असेच पंधरा दिवसांचे बंधन घातले आहे. तक्रारीत वाहिनीचे नाव, कार्यक्रम, तारीख, वेळ आणि नेमके शब्द लिहावेत. रागाचे शब्द लिहू नयेत, त्यांचा उपयोग होत नाही.

पुतणीने वहीत अशी एक नोंद करूनच ठेवली होती. एका विनोदी कार्यक्रमात घाणीला उद्देशून एका जातीचे नाव उच्चारले गेले आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या, ती तारीख आणि ती वेळ. आम्ही तेथेच कागद घेऊन अर्ज लिहिला. मोबाईलच्या दुकानातील तरुणाने, ज्याच्या मते लढाई जिंकलेली होती, तो फोनवर टंकून दिला. खाली सही करावयास विहारातील मंडळींना बोलाविले. सिंधी शेजाऱ्यांनीही सही केली. आम्ही मागितली नव्हती.

राहता राहिला विवाह. मुलीला मी एवढेच सांगितले की, तू ज्या भागावरून बळ घेतलेस त्या भागातही बौद्ध विधी हा दुसऱ्या विधीच्या जोडीला मागून घेतलेला आहे. पडद्याने तुला दार दाखविले हे त्याचे उपकार, पण दाराच्या आत कोठवर जावयाचे ते तूच ठरविले पाहिजेस. पल्लवीच्या सासरी दुसऱ्या धर्माची माणसे होती, तुझ्या सासरी सर्वांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. त्यांतील आठवी प्रतिज्ञा ब्राह्मणाकडून कोणतेही क्रियाकर्म न करविण्याची आहे. सकाळी ती मोडावयाची आणि सायंकाळी तिच्याच चौकटीखाली फोटो काढावयाचे, हे गावाकडच्या नातलगांना खूष करण्यासाठी मोजलेले फार मोठे मोल होईल. मुलगी म्हणाली, “काका, हे मला नको, त्यांना सांगा.” ते रास्त होते. म्हणून येत्या रविवारी यजमान, गुरुजी व मी बदलापुरास जाऊन वरपक्षाशी बोलणार आहोत. विवाह एकाच विधीने व्हावा आणि त्याची नोंदणी त्याच आठवड्यात करून घ्यावी, असे सुचविणार आहोत. वराच्या आजोबांना पटले तर पटले. न पटले तर पुन्हा जाऊ.

वाहिनीकडील अर्ज सोमवारी गेला आहे. पंधरा दिवसांनी जे उत्तर येईल ते, किंवा न आल्यास तसे, याच पृष्ठांवर प्रसिद्ध करू.